जयवंतरावांचा क्लच

जयवंत घाडीगावकर जन्मात एकदाच स्टिअरिंगमागे बसले होते. ऑफिसची जीप होती ती (कंपाउंडच्या आत, शिपाई बॉनेटला हात लावून पुढे उभा). तरी रिटायर झाल्यावर एका सकाळी, लालबागच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर, चहात बेकरीचं कडक बटर बुडवता बुडवता त्यांनी जाहीर केलं, की गावी ट्रॅक्टर घ्यायचा.

"छोटाच घेऊ," ते म्हणाले. मोठा घेतला तर लिफ्टमध्ये मावायचा नाही, अशा सुरात.

बायको मालन शेजारणीचा ब्लाउज शिवत होती. तिने मशीनवरून मान वर केली नाही. मुलगी आकांक्षाने मोबाइलवरून केली नाही. या घरात जाहीर केलेल्या गोष्टींचं असंच व्हायचं.

पण जयवंतराव या वेळी खरंच बोलत होते. कणकवलीजवळच्या गावी थोरला भाऊ वसंता जमीन करायचा. तो बांधावर पडला, आणि दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत संपला. तेव्हापासून घराला कुलूप आणि भाताच्या कुणग्यांत छातीएवढं रान. इकडे जयवंतरावांना सकाळी डोळे उघडले की समोरच्या टॉवरची काच दिसायची, आणि त्या काचेत आपला टॉवर. आपणही एक दिवस इथेच काचेकडे बघत आटोपणार, हे त्यांना त्यात अगदी स्वच्छ दिसायचं.

मालनची गावाला ना नव्हती. तिची अट एकच होती. "दोन्ही पाय धड आहेत तोवर जाऊ. पायाला काय झालं तर लालबागच. मला दुसरा वसंताभावजी बघायचा नाही."

आणि जयवंतरावांचा डावा गुडघा गेल्या दिवाळीपासून गेलेला होता.

हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. गुडघा वाकला की मधेच अडकायचा आणि आपल्या सवडीने सुटायचा. खाली दूध आणायला गेले की ते वॉचमनच्या खुर्चीत टेकून त्याच्या गावच्या पीकपाण्याची चौकशी करत राहायचे. वॉचमनला वाटायचं, काय मायाळू माणूस आहे.

अशा परिस्थितीत आकांक्षाने रविवारी लॅपटॉप उघडला. वडीलधारी माणसं बोलायला लागली की तिचा एक पाय टेबलाखाली सारखा हलत असे. "बाबा, ऐका. छोट्या ट्रॅक्टरमध्ये दोन प्रकार. एक गिअरवाला, तुमच्या जीपसारखा. दुसरा हायड्रोस्टॅटिक. तेलाच्या दाबावर चालतो. एक पेडल पुढे जायला, एक मागे यायला, पाय काढला की थांबतो. क्लच नाही. डाव्या पायाला कामच नाही. हा घ्या."

डाव्या पायाला कामच नाही! जयवंतरावांच्या छातीत काहीतरी आनंदाने उडालं. इतकी सोय आजवर त्यांच्या एकाही अवयवाची कुणी पाहिली नव्हती.

आणि ते म्हणाले, "नको."

आता हे नको कसलं होतं ते सांगायला हवं. घाडीगावकरांच्या घराण्यात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हटलेलं नाही. पानात मासळीची दुसरी तुकडी वाढायला आले की आधी हात आडवा धरायचा, मग आग्रह व्हायचा, मग नाइलाजाने खायची. शिवाय क्लच नाही म्हटल्यावर लगेच होकार दिला असता, तर मालनने पायाकडे बघितलं असतं. तेव्हा जयवंतरावांनी हात आडवा धरला, आणि तो चांगला दिसावा म्हणून कारणंही दिली. गावचा मिस्त्री गिअरबॉक्स झोपेतही खोलेल, हे तेलाचं प्रकरण कोण खोलणार? नांगराला ओढ गिअरचीच. डिझेल कमी. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच पटायला लागलं.

मग ते आग्रहाची वाट पाहत बसले.

"बरं. गिअरवाला," आकांक्षा म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. "पनवेलला डीलर आहे. पुढच्या रविवारची ट्रायल बुक केली."

"नाही म्हणजे, तुझंही म्हणणं अगदीच..."

"नको बाबा, तुमचं बरोबर आहे."

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांचं ऐकलं होतं. तेही नेमकं आत्ता.

राहिला उपाय एक. पायाला तयार करणं. मालन बाजारात गेली की जयवंतराव शिलाई मशीनशी बसू लागले. डावा पाय पायडलवर, हा क्लच. उजव्या हाताला तांदळाच्या डब्यात उभं रोवलेलं लाटणं, हा गिअर. समोर मोबाइलवर पंजाबातला कुणी भला माणूस गिअर कसे टाकावेत ते शिकवत होता. दाबा, टाका, सोडा. दाबा, टाका, सोडा. तिसऱ्या दिवशी त्यांना लय सापडली. मशीन सुरेख खडखडू लागलं. सुईखाली खालच्या मजल्यावरच्या शैलाचा भाचीच्या लग्नातला ब्लाउज होता, आणि तोही लयीत पुढे सरकत होता, हे त्यांनी पाहिलं तेव्हा एक बाही खांद्यापासून मनगटापर्यंत शिवून बंद झाली होती.

ते उठायला गेले. गुडघा उठेना.

मालन पिशव्या घेऊन आत आली. तिने नवऱ्याकडे बघितलं, बाहीकडे बघितलं, मग डब्यातल्या लाटण्याकडे.

"तुला मदत करत होतो," जयवंतराव म्हणाले. (गुडघ्यापेक्षा मूर्खपणा कबूल केलेला बरा, हा हिशोब त्यांनी तेवढ्यात मांडला होता.)

"उठा आता."

"नको, इथेच बरं वाटतंय."

चहा त्यांनी मशीनवरच घेतला. रात्रीची आमटीही. मालनने शेजारी बसून टाके उसवले.

रविवारी तिघं पनवेलला डीलरच्या अंगणात पोचली. समोरच झेंडूचा हार घातलेला, कोरा करकरीत हायड्रोस्टॅटिक उभा होता. त्याच्याकडे त्यांनी एकदाच बघितलं, दुसऱ्याच्या पानातल्या तुकडीकडे बघावं तसं. विनीत नावाच्या सेल्समनने त्यांना गिअरवाल्यावर चढवलं.

जयवंतरावांनी सगळा भार टाकून क्लच दाबला. पहिला गिअर टाकला. तो पडला. लाटण्याचा सराव वाया गेला नव्हता.

"आता हळूहळू सोडा, काका."

काका सोडेनात. गुडघा अडकला होता. ट्रॅक्टर जागच्या जागी धडधडत होता आणि जयवंतराव समोर शून्यात बघत होते.

"अनुभवी माणूस आधी इंजिन ऐकतो," विनीत मालनला आदराने म्हणाला.

काका ऐकतच राहिले. आकांक्षाचा पाय हलू लागला. शेवटी ती पुढे झाली. "बाबा, समाधी लागली का? सोडा ना," म्हणत तिने त्यांचा घोटा धरून पाय वर खेचला.

क्लच सुटला. ट्रॅक्टरने उडी मारली आणि हार घातलेल्या हायड्रोस्टॅटिकच्या पोटात शिरला. त्याचा दिवा फुटला, बॉनेट आत गेलं, झेंडू जयवंतरावांच्या मांडीवर पडले. मग इंजिन बंद पडलं.

"क्लच फार कडक आहे," जयवंतराव म्हणाले.

मालन चिडली की मालवणीत शिरायची. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मशिनीचो क्लच पण कडक होतो काय?"

मांडीवरचा एक झेंडू उचलून जयवंतरावांनी शेजारच्या सीटवर ठेवायला हात नेला. ट्रॅक्टरला शेजारची सीट नसते.

चेपलेला हायड्रोस्टॅटिक डीलरला नवा म्हणून विकता येईना, त्यामुळे तोच घ्यावा लागला. गिअर की हायड्रोस्टॅटिक, हा प्रश्न घाडीगावकरांच्या घरात असा मिटला.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अटीप्रमाणे पाय बरा होईपर्यंत जयवंतराव लालबागलाच राहिले; मालन, आणि सुट्टी काढून आकांक्षा, अशा दोघी गावी गेल्या, रान काढायला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या नूपुरने घरातलं मशीन बघितलं आणि रोज पायडल मारायला सांगितलं. नुसतं मारण्यापेक्षा काही शिवा, म्हणाली. जयवंतराव काचेकडे तोंड करून पिशव्या शिवू लागले.

एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. काढलेलं रान, तांबडी माती, आणि फुटक्या दिव्याच्या ट्रॅक्टरवर पदर खोचून बसलेली मालन. तिचा पाय पेडलवर जन्मभराच्या सवयीने पडत होता.

"बाबा, आता पाय बरा आहे ना? न्यायला येऊ का शनिवारी?" आकांक्षाने विचारलं.

"नको गं. मी कशाला? तुम्ही आहात ना तिथे," जयवंतराव म्हणाले, आणि वाट पाहू लागले.

"बरं," ती म्हणाली. फोन बंद झाला.

ते काळ्या पडद्याकडे बघत होते तेव्हा बेल वाजली. दारात शैला उभी होती, हातात ब्लाउजचं कापड. मालन घरी नाही हे कळल्यावर ती थोडी घुटमळली. मग तिने मशीनकडे बघितलं, शिवलेल्या पिशव्यांच्या ढिगाकडे बघितलं, आणि कापड त्यांच्या हातात दिलं.

"चालेल, तुम्हीच शिवा, भावजी. या वेळी बाही तेवढी उघडी ठेवा."