घूसमुक्त चाळीतले ससे

अभय तावडे विश्राम चाळीचा सेक्रेटरी झाला तो एका वाक्यावर. "यापुढे चाळीत एक जरी घूस दिसली, तर त्याच दिवशी राजीनामा देईन," असं तो भर सभेत बोलून गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवून त्याला निवडून दिलं. पडले ते तळमजल्यावरचे दगडूकाका राणे. काकांनी इतकी वर्षं सेक्रेटरीपद सांभाळलं, पण त्यांच्या राज्यात चाळीतली माणसं विरार-बदलापूरला गेली आणि घुशी तेवढ्या लालबाग धरून राहिल्या, असं अभयचं म्हणणं होतं. निवडून आल्यावर त्याने बिळांत औषध टाकलं, काचा आणि सिमेंट भरून बिळं बुजवली आणि कमिटीत ठराव करून टाकला की चाळ घूसमुक्त झाली आहे. तसा बोर्डही फाटकावर लागला.

त्यामुळे गणपतीच्या आधीच्या रविवारी मंडळाचा मखमली पडदा काढायला तो जिन्याखालच्या सामानात शिरला आणि पडद्याच्या कुरतडलेल्या घडीत चार पिल्लं दिसली, तेव्हा त्याची फार पंचाईत झाली. डोळे मिटलेली, मऊ, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेली. मागे बायको अनुजा मोबाइलचा टॉर्च धरून उभी होती.

"अय्या, कित्ती गोड," ती म्हणाली. "कसली रे ही?"

अभयने विचार केला. चाळ घूसमुक्त होती. तसा ठराव होता. म्हणजे ही घुशीची पिल्लं असणं कायद्यानेच शक्य नव्हतं.

"सशाची," तो म्हणाला.

"लालबागमध्ये ससे?"

"रानटी आहेत. येतात कुठून कुठून. बिबटे नाही येत बोरिवलीला?"

"मग कान कुठायत?"

"कान मागाहून येतात."

अनुजाचा नवऱ्यावर विश्वास होता, किंवा निदान फोटोवर होता. अभय पडदा सावरेपर्यंत तिने चाळीच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली बदामही टाकले. सगळ्यात आधी आले दगडूकाका. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि सावकाश कंबर सरळ केली. त्यांचा चेहरा निवडणूक हरल्यापासून पहिल्यांदाच उजळला होता.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "सशाक एवढी लांब शेपूट आसता?"

"रानटी सशाला असते, काका."

"घुशीची पोरां ती. शांते, खराटो आण गो."

खराटा आला असता तर राजीनामाही आला असता. अभयने घाईने नेरिसाला फोन लावला. ती त्याच्या ऑफिसात होती, राहायला गिरगावात, आणि सुट्टीच्या दिवशी जखमी कुत्री-मांजरं दवाखान्यात पोचवायची. काकांना ऐकू जावं म्हणून त्याने स्पीकर चालू केला आणि प्रश्नही असा विचारला की उत्तर सशाचंच यावं.

"नेरिसा, सशाची जंगली पिल्लं सापडलीत. काय करू?"

"काहीपण करू नको, मॅन. हात लावू नको, दूध पाजू नको, उचलून घरात तर बिलकुल नेऊ नको. आई दिवसा लांब राहते, संध्याकाळी येऊन पाजून जाते. फक्त पब्लिकला लांब ठेव. आणि फोटो पाठव ना जरा."

"इथे रेंज नाहीये," अभय म्हणाला आणि त्याने फोन कट केला. रेंज भरपूर होती.

खराटा थांबला. "ठीक हा," काका म्हणाले. "संध्याकाळी आवस येतली ना? मगे बघूया." त्यांनी आपल्या दारात खुर्ची टाकली आणि निकालाची वाट बघत बसले.

आता पब्लिकला लांब ठेवायचं म्हणजे काय करायचं, याची लालबागात एकच पद्धत आहे. मंडळाचा स्वप्नील बांबू, दोरी आणि कार्यकर्ते घेऊन आला. कार्यकर्त्यांनी छातीवर बिल्ले लावले. जिन्यापासून फाटकापर्यंत दोरी बांधून झाली, येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी. दोरी बांधल्याबरोबर आत माणसं उभी राहिली. मसाला दळायला निघालेल्या बायका मिरच्यांच्या पिशव्यांसकट रांगेत शिरल्या, कारण रांग दिसल्यावर आधी उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. दुपारपर्यंत रांग गिरणीच्या पलीकडे गेली. मग स्वप्नीलने तिच्या दोन रांगा केल्या, एक जवळून बघणाऱ्यांची आणि एक लांबून. जवळच्या रांगेला वशिला लागू लागला.

"चला, पुढे चला, ससा बघून झाला की पुढे चला," कार्यकर्ते शिट्ट्या मारत होते.

"पावतो का हो?" एका बाईंनी विचारलं.

"आमच्या बाजूवालीला पावला," मागची ठामपणे म्हणाली. पिल्लांचा मुक्काम उघडकीला येऊन अजून एक दिवसही झाला नव्हता. तरी परळहून एक जण गाजरांचा हार घेऊन आले.

"स्वप्नील, अरे एवढ्या गर्दीत त्यांची आई येईल का?" अभय काकुळतीला आला. "लोकांना घरी पाठव."

"दादा, गर्दी लांब ठेवायची म्हणूनच तर एवढी माणसं लावलीत," स्वप्नील म्हणाला.

ऊन उतरायला लागलं तशी पिल्लं चींचीं करायला लागली. एक तर आईला शोधत, हुंगत हुंगत पडद्याच्या कडेपर्यंत आलं आणि तिथेच थकून पडलं. अभय ते बघत राहिला. ठराव, बोर्ड, राजीनामा हे सगळं त्याला एकदम फालतू वाटायला लागलं. ती जी कोण असेल ती, तिने यावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की ती आली आणि एकाने जरी 'घूस' असा शब्द तोंडातून काढला, तर या सगळ्या बिल्लेवाल्यांच्या हातात बांबू आहेत.

दिवेलागणीला ती आली. अंगणातल्या गटारातून आधी मिशा आल्या, मग डोकं, मग मांजराएवढं राखाडी धूड. शिट्ट्या बंद पडल्या. अख्खी रांग तिच्याकडे वळली. त्यातला प्रत्येक जण तिला जन्मापासून ओळखत होता. ज्याने सकाळपासून सेल्फी टाकल्या होत्या तोही ओळखत होता, गाजरवालेही ओळखत होते. ती भेदरली, थबकली, आणि माणसांच्या पायांतून सरळ जिन्याखाली घुसली. बाहेर आली ती तोंडात एक पिल्लू धरून. पण आता समोर नुसते पायच पाय होते. ती पिल्लू घेऊन इकडून तिकडे धावू लागली. बांबूंवरच्या मुठी आवळल्या गेल्या.

सगळ्यांनी दगडूकाकांकडे पाहिलं. बोलण्याचा मान त्यांचा होता. काका खुर्चीतून उठले. अभयने मनातल्या मनात राजीनाम्याची पहिली ओळ जुळवली.

काकांनी त्या लोंबकळणाऱ्या पिल्लाकडे पाहिलं, मग अभयकडे.

"काय बघतास रे सगळे?" ते ओरडले. "ससोच हा तो. लायन मागे घेवा. वाट सोडा तिका."

पहिला बांबू खाली टेकला.

"ससाच आहे," स्वप्नील घाईने म्हणाला.

"रानटी आहे," अनुजा म्हणाली.

रांग मागे सरली. लालबागच्या माणसाला रांग मागे घ्यायचा सराव नाही, पण ती सरली. अंगणाच्या मधोमध चांगली रुंद वाट झाली. तिने पिल्लू घट्ट धरलं, गटाराकडे एकदा पाहिलं, पण मागे सरलेली गर्दी आता तिथेच उभी होती. मग समोर जे एकमेव दार उघडं होतं त्यातून ती आत गेली, दगडूकाकांच्या खुर्चीखालून, घरातून, थेट मोरीत. परत आली, दुसरं नेलं. मग तिसरं. चौथं नेताना शांताकाकू एक पाय वर घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या.

अभय पुढे झाला. "काका," तो अगदी हळू म्हणाला, "ससा तुमच्या मोरीत गेला."

"बघितलंय."

शांताकाकूंनी पाय खाली ठेवला. "ओ, आता काय करूचां?"

काकांनी जमलेल्या सगळ्या चाळीवरून नजर फिरवली आणि खुर्ची आत ओढून घेतली.

"काय करूचां म्हणजे?" ते म्हणाले. "ससो हा तो. दार हळू लाव."