वैरवन-शंकरलिंगम यांचा टॉकीजातील तह

श्री अय्यनार प्रसन्न. चहाच्या टपरीवरील समस्त मंडळींनी पुसिले जे, आलंपट्टीच्या उत्तर आळीचे आणि दक्षिण आळीचे वैर कैसे मिटले, तें साद्यंत लिहून काढणे. त्यास यथामति लिहिले आहे, अधिकउणे पदरात घ्यावे.

दक्षिण आळीचे राजश्री शंकरलिंगम आणि उत्तर आळीचे राजश्री वैरवन यांजमध्ये देवाच्या रथाची दोरी आधी कोणी धरावी यावरून कलह पडला, आणि उभयतांनी शपथ वाहिली जे, परस्परांशी शब्द बोलणे नाही. गावचा दस्तूर ऐसा जे, अबोला धरिलेल्यांस बोलणे पडलेच तर तिसऱ्याकडे पाहून बोलावे. माणूस नसेल तर खांब, बकरी, जें हाजिर असेल त्यास सांगावे, आणि दुसऱ्याने त्याच खांबास उत्तर करावे.

ऐशियात शंकरलिंगमांचे चिरंजीव तिरुचेल्वन यांचे काळीज वैरवनांची कन्या पूंगोदै इजवर जडले. कन्येने निर्वाणीचे बजाविले, "रथोत्सवाआधी माझ्या अप्पांना विचार, नाहीतर तेनकाशीचा मामा भाचीशी लग्नाचा हक्क सांगत मागणीचं ताट घेऊन येतोय. मग बस रडत!" चिरंजीव खचले, इडली गोड लागेना. मग मसलत केली जे, तालुक्याच्या टॉकीजात दोन वैरी जमातींच्या प्रेमिकांचा चित्रपट लागला आहे, तो उभय वडिलांस दाखवावा, म्हणजे पाषाण द्रवेल. आपल्या तीर्थरूपांस सांगितले जे, यात उत्तर आळीसारख्यांचे नाक कापिले आहे. आणि पूंगोदैने आपल्या तीर्थरूपांस तेंच दक्षिण आळीचे नावे सांगितले. दोघेही खासे दुपारच्या खेळास तात्काळ स्वार जाहले. मध्ये चिरंजीव, दोहों बाजूंस दोन तोफा, आणि मागील रांगेत मातोश्रींसह पूंगोदै, ऐसा व्यूह रचिला.

पडदा उजळला आणि घात जाहला. चित्रपट महाभिकार! नायक बसथांब्यावर उभा, मग नायिका उभी, मग गाणे, मग तेंच गाणे सावकाश, आणि मग पुन्हा बसथांबा. पाषाण द्रवणे दूरच, वैरवन जांभया देऊ लागले. आता लग्न बुडाले ऐसे जाणून चिरंजीवांस रडू कोसळले. शंकरलिंगम चकित होऊन बोलिले, "लेका, रडण्याइतकं काय आहे यात?"

तों वैरवनांस असह्य होऊन त्यांनी पडद्यास फर्माविले, "अरे ए, तोंड उघड की! तासभर नुसता बघतोयस!" शंकरलिंगमांनीही पडद्यासच जबाब दिला, "उघडेल कसा? घशात मुरुक्कूच्या चकलीचा तुकडा अडकलाय त्याच्या." वैरवन खो-खो हसले, मग हसलो याचा राग येऊन खोकले. परंतु मध्यंतरानंतर उभय फौजा एक जाहल्या, आणि एकाने नायकाच्या मिशीवर तोफ डागावी, मग दुसऱ्याने नायिकेच्या मामावर, ऐसा मारा चालिला. अखेरीस प्रेमिकांनी विहिरीत उड्या घातल्या, त्याही इतक्या सावकाश जे, पाणी लागेतो शेजारचे दोघे प्रेक्षक घोरू लागले. वैरवन गरजले, "गाढवांनो, बापाला एकदा तरी विचारलंत का? बाप काय वाघ आहे खायला?" शंकरलिंगम कडाडले, "आणि कुठला बाप नाही म्हणेल हो? शुंभच असला पाहिजे!" टॉकीजाने टाळ्या पिटल्या.

दिवे लागले. हाच मोका, परंतु चिरंजीव डोळेच पुसत बसले. मग पूंगोदै उभी राहिली आणि सर्वांदेखत बोलिली, "अप्पा, मी विचारते. शंकरलिंगमांच्या या मुलाशी मला लग्न करायचंय. आता सांगा."

वैरवनांनी दस्तुराप्रमाणे शंकरलिंगमांशी बोलावयास पडद्याकडे पाहिले, तो पांढराफटक, वर चिटपाखरू नाही. आपले शब्द तर साऱ्या तालुक्याने ऐकिलेले. मग मोठ्या कष्टे मान वळवून, शंकरलिंगमांच्या तोंडाकडे पाहून बोलिले, "काय हो, तुमचा हा कायम असाच रडतो का?"

"नाही हो, व्याही," शंकरलिंगम बोलिले, "मीही आजच बघतोय."

व्याही हा शब्द कानी पडताच चिरंजीव पुन्हा रडले.

येणेप्रमाणे टॉकीज सर जाहले आणि तह जाहला. उभय पक्षी जखमी कोणी नाही. चित्रपट मात्र तिसरे दिवशी गतप्राण जाहला. रथाच्या दोरीचा तंटा अद्याप कायम आहे. दोघे व्याही त्यावरून रोज संध्याकाळी एकाच ओट्यावर बसून, एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून भांडतात.