त्याच बायकोची नवी नोंद

भांडण फ्रिजवरून झालं. नियमकाकांनी फ्रिजच्या दारावर चिठ्ठी डकवली होती, 'दार उघडण्यापूर्वी काय हवे ते ठरवावे.' पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून सूचना द्यायला त्यांच्या हाताखाली एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे काकू. काकूंनी चिठ्ठी वाचली, फ्रिजचं दार सताड उघडं टाकलं आणि पिशवी भरली.

"आजपासून तुमचा-माझा संबंध संपला," म्हणाल्या आणि धाकट्या बहिणीकडे निघून गेल्या.

दुसरा कुणी असता तर त्यानं मेहुणीला फोन लावला असता. नियमकाकांनी फ्रिज बंद केला आणि पेन्शनचं पुस्तक उघडलं. 'वैवाहिक स्थितीत बदल झाल्यास त्वरित कळवावे.' नोकरीभर त्यांनी कळवायचं काही राहू दिलं नव्हतं. तडक पेन्शन कार्यालयात जाऊन 'पत्नीने संबंध संपल्याचे सांगितले आहे' असं लिहून देऊन आले. कर्तव्य पार पडल्यामुळे झोपही छान लागली.

काकू चार दिवसांनी परतल्या. बहिणीचा नवरा घोरतो, एवढंच कारण दिलं. चहा घेताना काका सहज म्हणाले, "तू गेल्याचं कळवलं होतं. आता आल्याचंही कळवून येतो."

सगळं ऐकल्यावर काकूंनी कप खाली ठेवला. "म्हणजे तुमच्या मागं मला पेन्शन नाही?"

"तूर्तास नाही."

"आणि तूर्तासच तुम्हाला काही झालं तर?"

याचं उत्तर पुस्तकात होतं. काकांनी पुस्तक उचलून कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पेन्शन कार्यालयासमोरचा रस्ता ओलांडताना काकूंनी त्यांची बाही घट्ट धरली. "नोंद होईपर्यंत जपून चाला."

खिडकीमागच्या बाईंनी कागद चाळले. "नाव काढलंय. बायको परत आली, असा रकाना नाही आमच्याकडे. वारल्या असत्या तर सोपं होतं."

"मी इथंच उभी आहे," काकू म्हणाल्या.

"तोच तर घोळ आहे ना, काकू." बाईंनी जरा विचार केला. "निवृत्तीनंतर लग्न केलं तर बायकोचं नाव चढतं."

"जुनीच चालेल?" काकांनी विचारलं.

"बायको जुनी चालेल. लग्न नवं लागेल."

लग्ननोंदणी वरच्याच मजल्यावर होती. तिथल्या कारकुनानं चष्म्यावरून दोघांना न्याहाळलं. "झालेल्यांचं आम्ही पुन्हा लावत नाही. आधी घटस्फोट आणा. वर्षभर लागेल."

"वर्षभर?" काकू म्हणाल्या. "यांना साधं दूध तापवता येत नाही. घटस्फोट घेऊन हे वर्षभर टिकायचे कसे?"

दोघं पुन्हा खाली आली. बाईंना दया आली असावी. "एक करा. ज्याच्या चुकीनं नाव गेलं, त्यानं चूक कबूल करून लिहून द्यावं."

काकांनी पेन काकूंपुढे धरलं. "लिही."

"मी? मी घरात बोलले. या खिडकीवर कोण आलं होतं?"

अख्ख्या संसारात काकांच्या हातून चूक अशी झालीच नव्हती. त्यांच्या हातचा ग्लास फुटत नसे, निसटत असे. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. काकूंनी बाही अजून सोडली नव्हती. काकांनी एकदा त्या हाताकडे पाहिलं आणि लिहिलं, 'चूक माझी आहे.'

"कारण लिहा," बाई म्हणाल्या.

बराच वेळ छताकडे बघून काकांनी पुढे लिहिलं, 'पत्नी रागात बोलते त्याचा अर्थ मला लागत नाही.'

बाईंनी वाचलं आणि शिक्का मारला. "झालं. हे कारण नेहमी चालतं."

"याची नक्कल मिळेल का हो?" काकूंनी विचारलं.

काकांना बरं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, हिला कागद जपायची अक्कल आली.

सकाळी ते थंड पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेले. दारावरची त्यांची चिठ्ठी दिसेना. तिच्यावर दुसरा कागद डकवला होता, शिक्क्यासकट. काका दाराला हात लावून वाचत उभे राहिले.

आतून काकूंचा आवाज आला, "काय हवंय ते ठरलं का?"