दार नसताना वाकणारा विक्रमदादा

विक्रमदादा दार नसतानाही वाकतो. उंची सहा फूट आठ इंच, तेव्हा दारातलं वाकणं मी समजू शकते. पण हा पार्किंग लॉटमध्ये, वर मोकळं आभाळ असताना, माझी आई दिसली की मान खाली घालून उभा राहतो. आई म्हणते, "सवयच लागलीय बिचाऱ्याला."

अमेरिकेत, पिस्कॅटवेला, तो आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये राहतो, तेही फक्त उन्हाळ्यात. त्याचे आईवडील रिटायर होऊन नागपूरला परत गेले. कॉलेजात तो बास्केटबॉलचा फॉरवर्ड होता. इथल्या मोठ्या लीगमध्ये कोणी घेतलं नाही, म्हणून हिवाळाभर परदेशी क्लबांकडून खेळतो: आधी फिनलंड, मग बल्गेरिया, मग पोलंड.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. तिथलं बरंच काही मला कळत नाही आणि विचारायला धीर होत नाही. दादाला मात्र विचारलं, "फॉरवर्ड नक्की काय करतो?"

"इतरांचे नेम चुकतात ना, तो बॉल मी गोळा करतो. कोणीतरी करायला हवं ना, यार!"

हे काम तो सुट्टीतही करतो. ग्रोसरीच्या दुकानात कोणाच्या हातून नारळ सुटला, तर तो खाली पडायच्या आत दादाच्या हातात असतो. "माझा!" असं ओरडून झेलतो, आणि मग लाजून ज्याचा त्याला परत देतो.

यंदा ऑगस्ट उजाडला तरी कुठल्याच क्लबचा फोन नव्हता. दादा बत्तीस वर्षांचा झालेला.

"नाहीच आला तर?" मी चाचरत विचारलं.

"तर आयटी," तो म्हणाला. एखाद्यानं 'तर ऑपरेशन' म्हणावं, तसं.

त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाची दहीहंडी होती. शाळेच्या जिममध्ये, हंडी थेट बास्केटच्या रिंगला बांधलेली. मुलांनी थर लावायची भरपूर प्रॅक्टिस केली होती. मंडळाचे जोशीकाका म्हणाले, "विक्रम, गाठ पक्की आहे का बघ रे."

दादा रिंगखाली गेला आणि फोन वाजला. दोन मिनिटं नुसतं "येस, येस" चाललं. मग "पोर्तुगाल!" असं ओरडून त्यानं जी उडी मारली, तिला गाठबीठ काही दिसली नाही. हात सवयीनं रिंगमध्ये, हंडीचे तुकडे जमिनीवर, दही जोशीकाकांवर. मुलांनी भोकाड पसरलं.

"अरे गाढवा, गाठ बघायला सांगितलं होतं!" जोशीकाका दही पुसत ओरडले.

मग दादाच खांब झाला. दुसरं मडकं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा राहिला. मुलं त्याच्या गुडघ्यांवरून, खांद्यांवरून चढली आणि हंडी त्याच्याच डोक्यावर फोडली. इतका खूश माणूस मी पाहिला नव्हता.

निघायच्या सकाळी तो निरोप घ्यायला वर आला. दार उघडलं तर हा बाहेर जिन्यातच वाकलेला.

"अरे, चौकट अजून पुढे आहे," आई हसली.

"चौकटीसाठी नाही, काकू." तो खाली बघतच बोलत होता. "तिकडे सगळे हाय-फाइव्ह देतात, पाठीत थापा मारतात. डोक्यावर हात कोणी ठेवत नाही. कोणाचा पोचतच नाही."

आई जेमतेम पाच फुटांची. तिनं टाचा उंचावल्या आणि त्याच्या केसांवर तळहात ठेवला. "सांभाळून खेळ रे बाळा. जेवत जा."

तो बराच वेळ हलला नाही. मग खुशीत ताठ झाला, आत पाऊल टाकलं, आणि चौकटीवर डोकं आपटलं.