पाणवठ्याच्या फाटकाची चिप

एका जंगलात, मुलांनो, एक कोळी होता. त्याला आठ पाय होते, दोन पदव्या होत्या आणि एकही विद्यार्थी नव्हता. त्याचं नाव जालिंदर. खरं तर तो मीच. पण स्वतःची फजिती सांगताना 'तो' म्हटलं की जरा बरं वाटतं.

जालिंदर सातासमुद्रापार शिकून आला होता. वाळूच्या कणावर बारीक जाळं आखायचं, ही त्याची विद्या. अशा कणाला चिप म्हणतात. तिच्यावर पंप चालतात, दिवे लागतात. पण जंगलात सगळ्या चिप बाहेरून यायच्या, आणि जंगलातली इंजिनिअर पिल्लं सरसकट राघूशेठच्या सॉफ्टवेअर कंपनीत जायची. तिथे दुसऱ्याने सांगितलेलं म्हणून दाखवायचं काम असे. पेरू वेळेवर मिळत.

हे बदलायचं, असं जालिंदर विमानातच ठरवून आला होता.

कॉलेजचे प्राचार्य ऐरावतसर यांनी त्याला एक खोली दिली. अट एकच: पावसाळ्यापर्यंत एक तरी विद्यार्थी यायला हवा. नाहीतर खोली राघूशेठना. त्यांना 'मुलाखतीत हसावे कसे' हा वर्ग काढायचा होता.

जालिंदरने व्याख्यान ठेवलं. तो तीन तास जंगलाच्या भवितव्यावर बोलला. दर दहा मिनिटांनी 'तिकडे आम्ही' म्हणाला. पहिल्या तासात हरणं पळाली. ससे झोपले, ती त्यांची जुनीच सवय. शेवटी मागच्या बाकावर गोदा कासवीण उरली. फळ्यावरची आकृती वहीत उतरवून तिने कधीपासून एक पाय वर धरला होता.

"सर, आखलेलं बरोबर आहे का, हे कोण तपासतं?"

"प्रश्न शेवटी," जालिंदर म्हणाला. शेवट काही आला नाही.

मग त्याने ठरवलं, करूनच दाखवू. फळ्यावरची ती आकृती पाणवठ्याच्या फाटकाची होती. उजाडलं की फाटक उघडावं, अंधारलं की मिटावं, एवढंच चिपचं काम. पुन्हा एकदा धागा न् धागा बघायला महिना गेला असता, आणि जालिंदरला घाई होती. त्याने आराखडा समुद्रापलीकडे कोरायला पाठवला. एकदा कोरलेलं पुसता येत नाही, हे त्याने स्वतःच दुसऱ्या तासाला सांगितलं होतं. तेव्हा ससे झोपले होते. बहुधा तोही.

चार महिन्यांनी चिप आली. संध्याकाळी बसवली. पहाटे सगळं जंगल तहानलेलं जमलं, तर फाटक उघडंच होतं. स्वागतासाठी असेल, असं जालिंदरने सांगितलं. ऐरावतसरांनी नारळ फोडला, सूर्य वर आला, आणि फाटक सगळ्यांच्या नाकासमोर मिटलं.

रात्रभर पाणी पिऊन घरी निघालेल्या घुबडांनी कामाचं कौतुक केलं.

ऐरावतसरांनी फाटक उपटून बाजूला ठेवलं. राघूशेठ म्हणाले की आमच्याकडे अशी चूक दुपारपर्यंत दुरुस्त होते. ते खरंच होतं. दुपारी दुरुस्त होते म्हणून सकाळी कुणी बघत नसे. पावसाळा तोंडावर आला होता आणि विद्यार्थी एकही नव्हता. सरांनी सोंड पुढे करून खोलीची किल्ली मागितली. जालिंदरने ती आठही पायांनी धरून ठेवली होती.

तेवढ्यात वही घेऊन गोदा पोचली.

"सर, आकृतीच्या सतराव्या ओळीत दिवस आणि रात्र उलटे जोडलेत. हेच सांगायला निघाले होते."

"कधी?"

"चार महिन्यांपूर्वी."

गोदाने दम घेतला.

"अशा चुका शोधायचा पगार देतात का हो?"

"देतात," जालिंदर हळूच म्हणाला. "या धंद्यात निम्म्याहून जास्त जण तेच करतात."

"मग माझं नाव लिहा. घरी हे मी फुकट करते आणि वर बोलणी खाते."

सरांनी सोंड मागे घेतली. राघूशेठ शेजारच्या खोलीची चौकशी करू लागले.

पहिल्या तासाला गोदाने जालिंदरचं व्याख्यानच तपासायला घेतलं. ती अजून पहिल्या पानावर आहे.

तात्पर्य: इंजिनिअरिंगच्या मुलांनो, चिप डिझाइनकडे जरूर या. हुशारी नसली तरी चालेल. ती आम्ही तिकडून भरपूर आणली आहे. येताना शंका घेऊन या. आणि आम्ही 'प्रश्न शेवटी' म्हणालो, तर मुळीच ऐकू नका.