पाव तास पुढे

"आजपासून नोकरी यंत्र करणार, पगार मी घेणार," चहाचा कप खाली ठेवत वैद्यबुवांनी बायकोला सांगितलं. "तू बॅगा भरायला घे."

वैद्यबुवा काही खरे वैद्य नव्हेत. ते ज्या मालवाहतूक कंपनीत होते, तिच्या प्रत्येक गोदामात एक सर्व्हर होता. फाटक, हजेरी, गाड्या सोडायच्या चिठ्ठ्या, सगळा कारभार त्याच्यावर चाले. एखादा सर्व्हर आजारी पडला, की हे ऑफिसात बसल्या बसल्या त्याची नाडी बघत, म्हणून हे नाव. या आजारपणांपायी मेहुणीकडे जायचा बेत सलग तीन वर्षं बारगळला होता. यंदाची तिकिटं आज संध्याकाळची होती. या खेपेलाही आला नाहीत तर मी एकटी जाईन आणि सावकाश परत येईन, असं बायकोनं बजावलं होतं. त्या 'सावकाश'चा वैद्यबुवांनी धसका घेतला होता.

"यंत्र करणार म्हणजे नेमकं काय करणार?" बायकोनं विचारलं.

"सर्व्हर कसा असावा, ते मी एकदाच एका फाइलीत लिहून ठेवायचं. दर अर्ध्या तासानं हे नवं साधन सगळ्या गोदामांत डोकावणार. कुठं काही वेगळं दिसलं, की मी लिहिलंय तसं मुकाट्यानं करून टाकणार."

"आणि तुम्ही लिहिलेलंच चुकीचं असलं तर?"

"मी लिहिलेलं चुकत नसतं," म्हणत ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघून उठले. नेहमीप्रमाणे उशीर झाला होता. रोज पाव तास उशिरा पोचूनही ऑफिसात कुणी चकार शब्द काढत नसे. कामाची पत असली की असंच असतं, हे त्यांचं मत. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ पाव तास मागे आहे, हेही ते मोठ्या मनानं कुणाला बोलून दाखवत नसत.

साहेबांनी साधी अट घातली. "आज दिवसभर एकाही गोदामाच्या सर्व्हरला तुम्ही हात लावायचा नाही. सगळं सुरळीत चाललं तर रजा मंजूर."

"मंजूरच समजा," वैद्यबुवा म्हणाले.

श्रीगणेशा सोप्या कामानं करावा म्हणून त्यांनी घड्याळं घेतली. गोदामांतल्या सर्व्हरांची वेळ दोन-दोन मिनिटांनी इकडेतिकडे होती. ती कुणाच्या तरी तालावर आणायची. कुणाच्या? अर्थात स्वतःच्या लॅपटॉपच्या. फाइलीत एक ओळ लिहिली, बटण दाबलं आणि पडद्यावर हिरव्या ओळी झरझर उतरल्या. वैद्यबुवा खुर्चीत मागे रेलले.

पहिला फोन जवळच्या गोदामातल्या मुकादमांचा आला. "गाडी निम्मीच भरली होती. वेळ झाली म्हणून यंत्रानं चिठ्ठी छापली, फाटक उघडलं, ड्रायव्हर गेला निघून. निम्मा माल इथंच पडलाय."

"भरायला तुम्ही उशीर केला असेल."

"अहो, तुमच्या सर्व्हरचं घड्याळ पाव तास पुढे पळालंय. मी हातानं मागे घेतलंय."

"घ्या, घ्या," वैद्यबुवा उदारपणे म्हणाले.

अर्ध्या तासानं पुन्हा फोन. मागे घेतलेलं घड्याळ आपोआप पुढे गेलं होतं. मुकादमांनी ते परत मागे घेतलं, साधनानं परत पुढे नेलं. तिसऱ्या खेपेला मुकादमांचा आवाज एकदम खाली आला. "वैद्यबुवा, इथं कुणीतरी आहे."

"ते आमचंच आहे," वैद्यबुवा अभिमानानं म्हणाले.

दुपारपर्यंत सगळ्या गोदामांतून गाड्या अर्ध्यामुर्ध्या भरून पळाल्या. जेवणाची सुट्टी लवकर झाली म्हणून हमाल खूश होते, मागे राहिला होता तो फक्त माल. त्यातच साहेब जेवून परतले आणि जवळच्या गोदामाच्या सर्व्हरवरच चालणाऱ्या ऑफिसच्या दारातल्या हजेरीच्या यंत्रानं त्यांनाच 'उशीर' असा शेरा दिला. वैद्यबुवांना बोलावणं आलं.

"किती वाजले?" साहेबांनी विचारलं.

वैद्यबुवांनी मनगट पुढे केलं. साहेबांनी आपलं केलं. शेजारी उभ्या असलेल्या हिशेबनीस बाईंनी मोबाईल दाखवला. दोघांचं जमत होतं, वैद्यबुवांचं तेवढं पाव तास पुढे होतं.

"तुमची दोघांचीही मागे आहेत," वैद्यबुवा शांतपणे म्हणाले. त्यांनी सगळ्यांना ऐकू येईल असा घरी फोन लावला. "अगं, भिंतीवरच्या घड्याळात बघून सांग, किती वाजले?"

"तीन."

वैद्यबुवांनी विजयी मुद्रेनं साहेबांकडे पाहिलं.

"म्हणजे खरे पावणेतीन," बायको पुढे म्हणाली.

"खरे म्हणजे?"

"तुम्ही वेळेवर निघावं म्हणून घरातली सगळी घड्याळं मी पाव तास पुढे ठेवते. मनगटावरचं, मोबाईलमधलं, लॅपटॉपचंसुद्धा."

"लॅपटॉपला पासवर्ड आहे!"

"आपल्या लग्नाची तारीख. ती तुमच्या लक्षात राहावी म्हणून मीच तर ठेवायला लावली होती."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. वैद्यबुवांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी रोज पाव तास उशिरा यायचो, ते..."

"तुम्ही उशिरा कधी आलात?" हिशेबनीस बाईंनी भोळेपणानं विचारलं.

वैद्यबुवांनी साहेबांच्या घड्याळाप्रमाणे आधी आपलं मनगट दुरुस्त केलं, मग लॅपटॉप. सर्व्हरांना हात लावायचा नव्हता आणि लावावा लागलाही नाही. पुढच्या फेरीत साधनानं सगळी गोदामं आपसूक जाग्यावर आणली. 'ते' गेलं, असा मुकादमांचा फोनही आला.

"साधन सांगाल तेच करतं, एवढं पटलं," साहेब म्हणाले. "रजा मंजूर. मागे पडलेला माल उद्या मी बघतो."

संध्याकाळी वैद्यबुवा घरी आले, तोंड धुऊन तयार झाले आणि बायकोच्या 'चला, चला, गाडी सुटेल'मागे बॅगा घेऊन धावत सुटले. धापा टाकत फलाटावर पोचले, तर गाडीचा पत्ता नव्हता.

"स्टेशनचं घड्याळ पाव तास मागे आहे," ते सवयीनं म्हणाले. मग हळूच मनगटाकडे बघू लागले. "अगं, हे दुपारी मी स्वतः हातानं बरोबर लावलं होतं."

"हो ना, बघितलं मी," थर्मासमधून चहा ओतत बायको म्हणाली. "तुम्ही तोंड धुवायला गेलात तेव्हा परत पुढे केलं."

वैद्यबुवांनी मुकाट्यानं कप घेतला. त्यांना मुकादमांची फार आठवण आली.