गाळणी की चिठ्ठी?

चालत्या माणसाला जिन्यात अडवून त्याच्या मोज्यांतली कुसळं वेचणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गायधनी बाई. एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी अंबडच्या कारखान्यातून पहिली पाळी करून भुकेने कावलेला यायचो आणि बाई पायरीवर बसकण मारून ओरडायच्या, "हलू नका हो! कुठल्या प्लॉटमधून आलात?" अहो, कुठल्या म्हणजे? शॉर्टकटच्या! नाशकातल्या आमच्या सिडकोत तेव्हा घराघरात केबल आली होती, पण मोकळे प्लॉट अजून होते.

बाई दोन मिनिटं एका जागी टिकायच्या नाहीत. चहा द्यावा तर अर्धा कप तसाच, आणि बाई खाली कंपाउंडपाशी. तिथे त्यांनी सुतळी बांधून चौकोन आखले होते. माळावर एका पावसापुरती जगणारी झाडं असतात ना, त्यांचं म्हणे संशोधन. कुठे काय उगवायचं, हे ठरवतं कोण? रखरखीत जमीन, जी तिथे न तगणारं बी गाळून टाकते? ती गाळणी. की वाऱ्याने, गुरांच्या अंगावरून, माझ्या मोज्यातून जे पडलं ते पडलं? ती चिठ्ठी, डोळे मिटून उचललेली.

झालं! मग जगात काहीही घडो, बाईंचा प्रश्न ठरलेला, "गाळणी की चिठ्ठी?" माझं लग्न कसं जमलं ते ऐकूनही हेच विचारलं. आमची सुनंदा आतून म्हणाली, "चिठ्ठीच! गाळणी असती तर हे कधीच गळले असते."

एकदा सिन्नरच्या माळावरची माती पोत्यात भरून एसटीने आणली. कंडक्टर म्हणाला, "बाई, नाशकात माती नाय का?"

"आहे ना. पण ती लाडावलेली आहे."

ती माती भिंतीलगतच्या दोन चौकोनांत पडली. दोन्हींत माती सारखी, ऊन सारखं, बियांची मूठही सारखी. त्या दोन चौकोनांजवळ कुणी खोकलेलं बाईंना चालायचं नाही. दर वर्षी पावसाळाभर त्या दिवसातून कितीदा तरी वरखाली करायच्या. त्यांच्या चपलांच्या आवाजाने माझी दुपारची झोप उडायची, आणि मी चरफडायचो.

अशात एका वर्षी हरतालिका आली. पूजेला पत्री हवी. आमच्या बायकांनी कंपाउंडमध्ये आघाडा पाहिला, भोवती सुतळी पाहिली आणि त्यांना वाटलं, वा, बाईंनी आपल्यासाठीच राखून ठेवलाय! कौतुक करत करत दोन्ही चौकोन साफ केले.

बाई कॉलेजातून आल्या, रिकामे चौकोन पाहिले आणि थेट आमच्या घरात. वाळूची पिंड, समई, दहाबारा उपाशी बायका. बाई पाटासमोर बसल्या आणि पिंडीवरचा आघाडा उचलून बघायला लागल्या, "हा डावीकडचा की उजवीकडचा? सांगा ना कुणीतरी!" सुनंदाच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं. मला हसू आवरेना. मग बाई पानं दोन ढिगांत लावू लागल्या, मोडू लागल्या, पुन्हा लावू लागल्या.

पूजा उरकल्यावर सुनंदाने मला ती सगळी पत्री ताटात घालून खाली पिटाळलं. बाई भिंतीपाशी बसल्या होत्या. खरंच बसल्या होत्या.

"चुकलं बायकांचं," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी परत पेरू की."

"जुळ्या होत्या माझ्या," बाई म्हणाल्या.

मला त्यांची एकच मुलगी ठाऊक होती, बडोद्याला दिलेली.

"एक घर, एक दूध, गोवरही एकाच आठवड्यात. एक उठली, दुसरी नाही. सासूबाई म्हणाल्या, नोकरीच्या नादात हिने एकीकडे लक्ष दिलं नाही." त्यांनी ताटातलं एक पान उचललं. "सारख्या वागवलेल्या मातीत जर दर वेळी सारखंच उगवायला लागलं, तर मग मी दोघींना सारखं वागवलं नाही, असंच ना?"

"आणि काय उगवतं?"

"वेगळं. दर वर्षी वेगळं."

"मग मिळालं की उत्तर! चिठ्ठी!"

"मिळतं हो. पावसाळा संपेपर्यंत पुरतं. पुन्हा मृग लागला की जीव टांगणीला. यंदा सारखं आलं तर?"

मी ताट तिथेच ठेवलं आणि वर आलो.

पुढच्या पावसाळ्यात पहिल्या पाळीला निघताना मी रोज भिंतीकडे वाकडी वाट करू लागलो. मोजे भिजायचे, बस चुकायची, सुपरवायझर बोलायचा. एक दिवस दिसलं. मी भर सकाळी अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा ओरडलो,

"बाई! डावीकडे कुर्डू, उजवीकडे गोखरू!"

बाई गॅलरीत आल्या. केस विस्कटलेले, हातात गाळणी तशीच, चहाची.

"नीट बघा हो. नक्की वेगळं आहे ना?"

"नक्की," मी म्हणालो. "देवाशपथ."